फुकटच्या खुर्च्या

आमचा धंदा मंडपाचा. वसईत लग्न असो, बारसं असो, सत्यनारायण असो, उरूस असो, चर्चचा सण असो नाहीतर पक्षाची सभा, बरेचदा खुर्च्या आमच्याच गोडाऊनमधून जातात. वडिलांनी बांबू, कनाती आणि घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर सुरुवात केली. मी तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झालो आणि दुसऱ्या आठवड्यात टेम्पोत बसलो. शिक्षण वाया गेलं असं घरचे बरीच वर्षं म्हणत होते. मला तसं कधी वाटलं नाही. खुर्च्या कशा मांडायच्या आहेत ते ऐकलं की तिथे काय बोललं जाणार आणि काय अजिबात बोललं जाणार नाही, हे मला आधीच कळतं. समोर स्टेज, स्टेजवर सोफा, सोफ्यापुढे टीपॉय आणि त्यावर पाण्याच्या बाटल्या, खाली रांगा: इथे प्रश्न विचारायचे नसतात. सतरंजी आणि चौरंग असेल तर माणसं माना डोलवायला आलेली असतात. खुर्च्या गोल मांडल्या की मात्र लोक बिचकतात. नवा माणूस दारात उभा राहून शेवटची रांग शोधतो, कारण शेवटच्या रांगेतून गुपचूप उठून जाता येतं. गोलाला शेवटची रांग नसते.

आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही अशा गोल खुर्च्या मांडतो. कुणीही यावं, बसावं, बोलावं किंवा गप्प राहावं. वक्ता नाही, अध्यक्ष नाही, नारळ नाही, शाल-श्रीफळ नाही. आभारप्रदर्शनही नाही, आणि हे एकच कारण देऊन मी चार माणसं ओढून आणली आहेत. विषय आदल्या वेळी सगळ्यांनी मिळून ठरवायचा. देवाला नवस बोलणं हा सौदा आहे का? म्हाताऱ्या आईबापांचं मुलांनी किती ऐकावं? माफ केलं म्हणजे नेमकं काय केलं? येणारे सगळे पायी येण्याच्या अंतरातले. बेस्टमधून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे वसईकर, रविवारची मिस्सा न चुकवणारे. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या वहिनी आहेत. कोकणी मुसलमान घरातले गणिताचे सर आहेत. एका सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यांच्याबद्दल पुढे सांगतो. आणि एक पोरगा आहे, इंजिनीअरिंग करणारा, जो प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण' ने करतो.

खुर्च्यांचं भाडं मी घेत नाही. माझा मुकादम याला वैतागतो. त्याचं म्हणणं, फुकट दिलेल्या खुर्चीवर माणूस पाय देऊन उभा राहतो, भाड्याच्या खुर्चीवर नीट बसतो. धंद्यापुरतं ते खरंही आहे. आपल्याकडे फुकट या शब्दालाच मान नाही. म्हणून मला काही काळ हाच प्रश्न सतावत होता, की बोलणं फुकट असावं ते का? गरिबालाही येता यावं म्हणून, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. ज्याच्याकडे शंभर रुपये आहेत त्याच्यासाठीसुद्धा ते फुकटच असलं पाहिजे, असं मला वाटतं. त्याचं कारण मला सापडलं ते जनकाच्या गाईंपाशी.

बृहदारण्यक उपनिषदातली ती सभा बहुतेकांनी ऐकलेली असते. जनकाने यज्ञ केला, कुरू-पांचालांचे ब्राह्मण जमले. राजाने हजार गाई कोंडून ठेवल्या, शिंगांना सोनं बांधलं, आणि जाहीर केलं की तुमच्यात जो सर्वांत मोठा ब्रह्मवेत्ता असेल त्याने त्या घेऊन जाव्यात. कुणी हलेना. याज्ञवल्क्याने आपल्या शिष्याला सरळ सांगितलं, बाबा रे, हाक त्या गाई. लोक चिडले. तू स्वतःला आमच्यात श्रेष्ठ समजतोस काय, असं विचारल्यावर याज्ञवल्क्य म्हणतो, श्रेष्ठाला माझा नमस्कार असो, मला फक्त गाई हव्या आहेत. मंडपवाल्याला हा माणूस आवडल्याशिवाय राहत नाही.

पण पुढे काय होतं बघा. गार्गी विचारत जाते: हे कशात विणलेलं आहे, ते कशात विणलेलं आहे, आणि त्याच्याही पलीकडचं? एका टप्प्यावर याज्ञवल्क्य तिला म्हणतो, जास्त विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी थांबते आणि थोड्या वेळाने पुन्हा उठते, आणखी दोन प्रश्न घेऊन. मग विदग्ध शाकल्य अडून बसतो आणि त्याचं डोकं खरोखरच गळून पडतं, त्याच्या हाडांनाही घरची वाट मिळत नाही, चोर भलतंच काही समजून ती पळवतात. ब्रह्म म्हणजे काय या प्रश्नावर इतकी सुंदर चर्चा जगाच्या वाङ्मयात विरळाच, आणि तिच्या मधोमध एक मुडदा पडलेला आहे. टीकाकार याचे गूढ अर्थ लावतात, लावोत. मला दिसतात त्या गाई. बक्षीस ठेवलं की प्रश्न विचारणारा माणूस प्रतिस्पर्धी होतो, आणि 'मला माहीत नाही' असं म्हणण्याची किंमत हजार गाई होऊन बसते.

दुसऱ्या टोकाला आपले तुकोबा. कीर्तनकाराने जिथे कीर्तन केलं तिथे जेवू नये, गळ्यात हार घालून घेऊ नये, कपाळी बुका लावून घेऊ नये, इतकंच काय बैलाला वैरणसुद्धा मागू नये, असं त्यांनी बजावलं आहे. पैसे घेणारा आणि देणारा दोघेही नरकात जातात असंही. घेणारा जातो हे समजू शकतं. देणारा का? मी हा प्रश्न बैठकीत टाकला होता. वहिनी म्हणाल्या, "पैसे दिले की आपल्याला वाटतं, आपलं ऐकून झालं." त्यांच्या केंद्रात डबा घ्यायला येणारी माणसं पैसे टाकतात आणि निघतात, हिशेब मिटतो. कीर्तनाचा हिशेब असा मिटू नये, ऐकणाऱ्याच्या अंगावर काहीतरी उरावं, असं तुकोबांना म्हणायचं असावं. हा अर्थ पोथीत बसतो की नाही मला ठाऊक नाही, पण मी बऱ्याच कीर्तनांना माईक लावला आहे, आणि बिदागीच्या पाकिटाची जाडी वाढली की यजमानाच्या घराण्याचं कौतुक किती वेळ चालतं, हे मी कानांनी ऐकलेलं आहे.

तेव्हा फुकट असणं ही मला दानाची गोष्ट वाटत नाही. जिभेवर कुणाचा हात नको, त्यासाठीची ती सोय आहे. पैसा, बक्षीस, मत, आणि मी तर म्हणेन पुण्यसुद्धा, यातलं काही पदरात पडणार असेल तर माणूस त्या दिशेने थोडा वाकतो. आमच्या बैठकीला आल्याने पुण्य लागत नाही, हे मी नव्या माणसाला आवर्जून सांगतो. तो गोंधळतो. मग यायचं कशाला?

त्याचं उत्तर सिद्धान्ताने देता येत नाही, म्हणून एक संध्याकाळ सांगतो. विषय होता, मेल्यानंतर काय. पावसाचे दिवस होते, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक ट्यूब. काका म्हणाले, आमच्यात दोन नोव्हेंबरला सगळे कबरींवर मेणबत्त्या लावतात, मी बापाच्या कबरीवर लावतो आणि शेजारच्या कबरीवरही एक लावतो, तिथे कुणी येत नाही म्हणून. सरांनी कयामतच्या दिवसाबद्दल सांगितलं, मोजून मापून, फळ्यावर लिहावं तसं. मग वहिनींनी सासूबाईंच्या दहाव्याची गोष्ट काढली. पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढायला लागलं. मोठे दीर म्हणाले, आईचं कशात तरी अडकलंय. मग सुरू झालं: धाकट्याचं लग्न करू, कुलदैवताला जाऊन येऊ, तुझ्या पाटल्या नातीलाच देऊ. कावळा झाडावर बसून बघतोय. शेवटी वहिनी पुढे झाल्या आणि मनातल्या मनात म्हणाल्या, तुमचे भिशीचे पैसे मी फेडीन. कावळा खाली उतरला. सासूबाईंनी शेजारणींची भिशी उचलून कुणाला तरी परस्पर दिली होती, आणि ते घरात फक्त सुनेला माहीत होतं.

'पण' वाला पोरगा हसला. "पण वहिनी, कावळ्याला भूक लागली असेल ना तोपर्यंत." दोघातिघांनी चुळबुळ केली. वहिनींचा चेहरा उतरला, त्यांनी पदर नीट केला. मला वाटलं, गेली संध्याकाळ.

सरांनी विचारलं, "पैसे फेडलेत?"

"फेडले की. दोन वर्षं लागली. केंद्र नुकतं टाकलं होतं."

मग सर म्हणाले, आमच्यात जनाज्याच्या नमाजाआधी घरचा माणूस उभा राहून सांगतो, मरणाऱ्याकडे कुणाचं काही येणं असेल तर माझ्याकडे मागा, नाहीतर माफ करा. पैगंबरांच्या वेळेपासून मेलेल्याच्या कर्जाची चौकशी आधी. काका पुढे सरकले. पापनिवेदनात फादर पाप माफ करतात, म्हणाले, पण कुणाचे पैसे खाल्ले असतील तर ते परत करावेच लागतात, नुसत्या माफीने भागत नाही. मग जो तो आपापल्या घरातल्या मेलेल्या माणसांच्या कर्जाबद्दल बोलायला लागला. पैशाचं, शब्दाचं, न केलेल्या भेटीचं. पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण ज्याचं कर्ज कुणालाच माहीत नाही, त्याचं काय?" हा प्रश्न त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला प्रश्न होता आणि तो कावळ्याला हसणाऱ्याने विचारला होता. माझ्या उधारीच्या वहीत मेलेल्यांची चार नावं आहेत. त्यांच्या मुलांना मी कधी सांगितलेलं नाही. त्या रात्री मी वही काढून बघितली आणि परत ठेवून दिली, अजून ठरलेलं नाही.

या संध्याकाळी कुणाचंही मत बदललं नाही. कावळ्याबद्दल पोरग्याचं मत तेच, वहिनींचंही तेच. कयामत, पिंड आणि दोन नोव्हेंबर जिथल्या तिथे. तरी काहीतरी झालं. आपण ज्याला दुसऱ्याची श्रद्धा म्हणतो, ती लांबून बघितली तर एक विधान असते, पटणारं किंवा न पटणारं. जवळ बसून ऐकलं की कळतं, त्या विधानाखाली दोन वर्षांच्या पोळ्या लाटलेल्या आहेत. विधान खोडता येईल. पोळ्या खोडता येत नाहीत.

चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी आपसात चर्चा कशी करावी यावर एक अप्रतिम भाग आहे. मला कॉलेजात प्राध्यापकांनी वाचायला लावला तेव्हा वैद्यकाच्या ग्रंथात हे कशाला, असं वाटलं होतं. चरक चर्चेचे दोन प्रकार सांगतो. एक संधाय संभाषा, सलोख्याची. दुसरी विगृह्य संभाषा, भांडणाची. सलोख्याची चर्चा जो रागीट नाही, मत्सरी नाही, ज्याला समजावता येतं आणि जो समजावू शकतो, अशाशी करावी. तिथे न भिता बोलावं, न भिता विचारावं, हरण्याची धास्ती बाळगू नये, जिंकलं तर नाचू नये, आणि बाहेर जाऊन बढाई मारू नये. भांडणाच्या चर्चेबद्दल मात्र चरक अगदी उघडपणे डावपेच शिकवतो: समोरच्याचं वाचन कमी असेल तर लांबलचक सूत्रं म्हणून त्याला गुदमरून टाक. हे वाचताना मला आपले टीव्हीवरचे प्रवक्ते आठवतात, त्यांनी चरक वाचलेला नसूनही.

पण चरकाची सलोख्याची चर्चासुद्धा तद्विद्यांची, म्हणजे एकाच विद्येतल्या जाणकारांची. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती अजून चालते, तिचे उपकार महाराष्ट्रावर आहेत; पण तिथेही जाणकार बोलणार आणि बाकीचे ऐकणार. यात वाईट काहीच नाही. पदार्थविज्ञानावर मला शेजाऱ्यांचं मत नको आहे. मृत्यू, माफी, कर्ज, शेजार या गोष्टींत मात्र तद्विद्य कोण? भिशी फेडणारी बाई त्या विद्येतली नाही, असं कोण म्हणेल?

आणि शेजाऱ्याशी बोलण्यात एक अडचण अशी आहे, जी मला त्याचा गुण वाटते. त्याला हरवून घरी जाता येत नाही. घर त्याच्या शेजारीच आहे. उद्या सकाळी टँकर आला की त्याच्याच मागे हंडा घेऊन उभं राहायचं आहे. परगावच्या वक्त्याला ही अडचण नाही, म्हणून तो तलवार फिरवू शकतो.

यावर हुशार माणसं म्हणतात, हे सगळं गोड आहे, पण मतं बदलत नसतील तर उपयोग काय? डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगाव 'विवेकजागराचा वाद-संवाद' करायचे. लागू ठामपणे म्हणायचे, देव नाही, त्याला आता निवृत्त करा. दाभोलकर त्यांच्याशी जाहीर वाद घालायचे: देव मानायला आमची हरकत नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे. दोघे एकाच बाजूचे, मित्र, आणि तरी स्टेजवर एकमेकांना खोडून काढतायत. दोघांनीही एकमेकांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. पण मतभेद असा करता येतो, हे हजारो लोकांनी डोळ्यांनी बघितलं. दाभोलकरांना 2013 मध्ये पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. बोलण्याने काही होत नाही असं मारणाऱ्यांना तरी वाटत नव्हतं.

दुसरं उदाहरण आमच्या जवळचं. मंडपाचं कापड आणायला मी चिंचोटी-कामण रस्त्याने भिवंडीला जातो. तिथे 1970 मध्ये आणि पुन्हा 1984 मध्ये मोठ्या हिंदू-मुसलमान दंगली झाल्या होत्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढारी नकोत, दोन्ही धर्मांची साधी माणसं आणि भागातला पोलीस, नियमित एकत्र बसणार आणि नळ, गटार, पोरांची भांडणं यांवर बोलणार. 1992-93 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. याचं कारण एकच होतं असं मी म्हणणार नाही, पण यंत्रमागावरच्या माणसाला विचारा, तो आधी कमिटीचंच नाव घेईल. ती माणसं धर्मावर बोललीच नव्हती. गटारावर बोलली होती. अफवा आली त्या रात्री ज्याला फोन करायचा त्याचं तोंड ओळखीचं होतं, एवढंच.

आता सेक्रेटरींची गोष्ट. ती सांगितली नाही तर वरचं सगळं साखरेत घोळल्यासारखं होईल.

काकांनी एकदा विषय दिला, शेजारी कोण? त्यांनी शुभवर्तमानातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगितला. एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? येशू सरळ उत्तर देत नाही. गोष्ट सांगतो: लुटून, मारून रस्त्यात टाकलेला माणूस, याजक बाजूने निघून जातो, लेवी निघून जातो, आणि ज्यांना हे लोक हलके समजत त्या शोमरोन्यांपैकी एक थांबतो, जखमा बांधतो, खाणावळीत नेतो, त्याच्या खर्चाचे पैसेही भरतो. मग येशू उलट विचारतो, या तिघांतला त्या माणसाचा शेजारी कोण झाला? काका गोष्ट छान सांगतात, बस चालवल्यासारखी, प्रत्येक स्टॉपवर थांबत.

सेक्रेटरी म्हणाले, "गोष्ट चांगली आहे. पण तो रस्त्यात पडला होता. फ्लॅट मागत नव्हता."

त्यांच्या सोसायटीत काही ठरावीक लोकांनाच जागा विकायची किंवा भाड्याने द्यायची असा अलिखित नियम आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांना अशाच दुसऱ्या एका इमारतीत नाव कळल्यावर टोकन परत मिळालं होतं, हेही निम्म्यांना माहीत होतं. सर त्यांच्यापासून तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "बरोबर बोललात. मी पडलो असतो तर तुम्ही मला नक्की उचललं असतं. मी उभा आहे, ही अडचण आहे."

सेक्रेटरी काही बोलले नाहीत. बैठक लवकर संपली. सर पुढचे दोन महिने आले नाहीत.

इथे माझ्या सगळ्या तत्त्वज्ञानाला खीळ बसते. खुर्च्या गोल मांडल्या म्हणजे माणसं समान होत नाहीत. सव्वा तासानंतर प्रत्येकजण आपापल्या घरी जातो, आणि घर कुठे असावं हे गोलाने ठरवलेलं नसतं. मग ज्याला दारातून परत पाठवलं त्याला 'या, बसा, चर्चा करू' म्हणणं, हा त्याच्यावर आणखी एक बोजा नाही का? समजावण्याचं कामही त्यानेच करायचं, वर शांत आवाजात? एकदोघे म्हणाले, सरांना घरी जाऊन घेऊन येऊ. मी नको म्हटलं. ज्याचा अपमान झाला त्याच्याकडून कुणाचं येणं नसतं, सहनशीलतेचंसुद्धा नाही.

बाबासाहेबांचं लाहोरचं प्रकरण मला इथे आठवतं. 1936 च्या परिषदेसाठी जात-पात-तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, छापील भाषण आधी वाचलं, आणि काही भाग वगळा असा आग्रह धरला. त्यांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. आता त्याच भाषणात ते लोकशाहीकडे नुसती राज्यपद्धती म्हणून बघत नाहीत, माणसांनी एकत्र जगण्याची, अनुभव एकमेकांपर्यंत पोहोचवण्याची रीत म्हणून बघतात. कोलंबियात जॉन ड्युईंकडे शिकलेल्या माणसाचा तो विचार आहे. एकत्र बोलण्याला इतकं वर नेऊन ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या अटीवर बोलायला मात्र तयार नाही. मला यात विसंगती दिसत नाही. त्याच्या लेखी संवाद फार मोलाचा होता, म्हणूनच तो कापून दिलेला त्याला चालला नाही.

त्यानंतर आम्ही एकच गोष्ट ठरवली, तीही वहिनींच्या आग्रहावरून. कुणालाही 'तुमच्यात काय म्हणतात' असं विचारायचं नाही. तुम्हाला काय वाटतं, एवढं विचारायचं. सर सगळ्या मुसलमानांचे वकील नाहीत आणि काका पोपचे नाहीत. ऐकायला सोपं आहे, पाळायला भयंकर कठीण. मी स्वतः दर बैठकीत जीभ चावतो.

सर तिसऱ्या महिन्यात आले. कुणी काही विचारलं नाही. सेक्रेटरी त्यांच्या आधी येऊन बसले होते, ते एकही बैठक चुकवत नाहीत, आणि त्यांच्या इमारतीतला नियम अजून तोच आहे. ते का येतात, याचा मला उलगडा झालेला नाही. विचारलं तर म्हणतात, घरी करमत नाही.

गेल्या महिन्यात निवडणुकीला इच्छुक असलेले एक गृहस्थ गोडाऊनवर आले. तुमचा उपक्रम स्तुत्य आहे, म्हणाले. शंभर नव्या खुर्च्या देतो, पाठीवर फक्त नाव छापू, चहा-बिस्किटं कायमची माझ्याकडे. मी बैठकीत विषय काढला. पोरगा म्हणाला, पण खुर्चीवर तर आपण पाठ टेकतो, नाव कुणाला दिसणार? सेक्रेटरी म्हणाले, घ्या, पक्ष बघू नका. सरांनी विचारलं, बैलाच्या वैरणीचं काय? वाद चांगला तासभर चालला. शेवटी निरोप धाडला की खुर्च्या नकोत, तुम्ही या.

ते आले. पांढरा शर्ट, मोबाइल मांडीवर उलटा. विषय उपासाचा होता: उपास देवासाठी की स्वतःसाठी. गृहस्थ सगळं ऐकत होते, एकदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. निघताना चपला घालता घालता मला म्हणाले, "सगळं ठीक आहे हो, पण यातून तुम्हाला मिळतं काय?" मी म्हटलं, पुढच्या वेळी हाच विषय ठेवू. वहिनींनी लगेच हरकत घेतली, पुढच्या महिन्याचा विषय त्यांचा आहे, हुंडा न घेतलेल्या घरानेही सुनेकडून काय काय घेतलेलं असतं हा, आणि तो त्या कुणासाठीही मागे ढकलणार नाहीत.